अपडाऊनवाली

ज्या खोलीत मी माझ्या मोठ्या जावेवर सूड उगवायचं ठरवलं, त्या खोलीच्या भिंतीवर एक जिराफ रंगवलेला आहे. अमरावतीत, राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत, लहान मुलांच्या डॉक्टरांचा तो दवाखाना. जिराफाच्या खुरांपासून शिंगांपर्यंत उंचीचे आकडे आहेत. त्या दिवशी माझा मुलगा, जेमतेम अडीच वर्षांचा, त्या जिराफाला पाठ लावून उभा होता आणि डॉक्टरबाई त्याच्या डोक्यावर पट्टी टेकवून उंची बघत होत्या. त्याच्यासोबत आम्ही दोघी आलो होतो. मी आई म्हणून, आणि जाऊ नेहमीप्रमाणे मालकीण म्हणून.

डॉक्टरबाई वयस्कर, चांदूर बाजारकडच्या. इंग्रजी पुस्तकं वाचून आलेल्या, पण बोलणं गावचं ते गावचंच. कोणी आपल्या पोराला "गप बस, नाई तं सुई देईन डॉक्टर" म्हटलं की त्या पोराला सोडून बापालाच झापायच्या, "माह्या सुईचं नाव घेऊन लेकराले भेव दाखवाचं नाई इथी." उंची-वजन घेता घेता मुलांशी गप्पा मारायची त्यांना सवय होती. मूल किती बोलतं, काय समजतं, ते त्या तेवढ्यात पाहून घ्यायच्या.

"नाक कुठी हाये?" मुलानं नाक दाखवलं. "गाय कशी करते?" त्यानं हंबरून दाखवलं. मग बाईंनी जावेकडे बोट केलं. "अन् हे कोण?"

"माय."

"अन् हे?" आता बोट माझ्याकडे होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसला, आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसा खणखणीत आवाजात म्हणाला, "अपडाऊन."

कागद लावत बसलेली कंपाउंडरबाई फिसकन हसली. पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या. जावेनं पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. मीही तोंडावर हसू चिकटवून उभी राहिले. चार लोक हसत असताना आपण एकटीनंच तोंड पाडलं तर लोक आणखी हसतात, एवढं मला सासरी कळलं होतं. आतून मात्र माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्याच क्षणी, त्या जिराफाच्या साक्षीनं, मी ठरवलं की या बाईचं मी याच खोलीत, याच लोकांसमोर, असंच हसं करीन.

आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याचं घर एका गावात आणि नोकरी दुसऱ्या, जो सकाळच्या गाडीनं जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो, तो अपडाऊनवाला. अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवर सकाळी जेवणाचे डबे घेऊन उभी असलेली निम्मी माणसं अपडाऊनवाली असतात. मीही त्यातलीच. घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात, बियाणं विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवतं ते बघायचं, असं ते काम. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा जावेनं चारचौघांत मोठ्या मनानं सांगितलं होतं, "जाय वं तू बिनघोर. दोन पोरी वाढवल्या म्या. हा काय जड हाये मले?"

जड नव्हताच. तिची एक मुलगी लग्न होऊन गेली होती, दुसरी शिकायला बाहेरगावी होती, आणि तिचे हात रिकामे होते. तिनं त्याला सांभाळलं, हे मी नाकारत नाही. न्हाऊ-माखू घातलं, ताप आला की मांडीवर घेऊन बसली, लसी द्यायलाही तीच घेऊन गेली. पण सांभाळता सांभाळता तिनं त्याला गिळंकृत केलं. तिच्या मुली तिला माय म्हणत, म्हणून तोही माय म्हणू लागला. आई हा शब्द त्या घरात माझ्यासाठी कोणी वापरतच नव्हतं. नवरा मला नावानं हाक मारायचा आणि जाऊ मला नुसती 'ते' म्हणायची. ते आली, ते गेली, तिले विचारा. दिवसा कोणी माझी चौकशी केली की उत्तर ठरलेलं, "ते अपडाऊनले गेली." पोरानं तरी काय करावं? जे कानावर पडलं ते त्यानं उचललं.

इथपर्यंत मी माफ केलंही असतं. पण पुढे त्याचा खेळ झाला. घरी पाहुणे आले की जाऊ त्याला ओट्यावर उभा करायची. "पंखा कुठी हाये? दाखव. तुयस कुठी हाये? दाखव. अन् तुही अपडाऊन कुठी हाये?" आणि तो माझ्याकडे बोट करायचा. पाहुणे पोट धरून हसायचे आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. नवऱ्याजवळ रागावले तर तो म्हणायचा, "जाऊ दे नं. गंमत करून राहिली ते. मोठी हाये." मोठीनं केली की गंमत आणि लहानीनं उत्तर दिलं की भांडण, असा आमच्या घरचा कायदा होता.

तर त्या दिवशी दवाखान्यात एकच माणूस हसलं नाही. डॉक्टरबाई. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि जावेला म्हणाल्या, "बाई, तुमी जरा बाहेर बसा. आज याची आई बोलन."

"तिले काय मालूम?" जाऊ म्हणाली. "सारं मीच तं पायतो त्याचं."

"म्हूनच बसा बाहेर."

जाऊ पडदा सारून बाहेर गेली आणि मला असा आनंद झाला की काय सांगू. पण तो फार टिकला नाही. बाईंनी विचारलं, "दुपारी कवा झोपते हा?" मला माहीत नव्हतं. "झोपाच्या वक्ताले त्याले काय लागते?" तेही माहीत नव्हतं. तेवढ्यात पडद्यापलीकडून जावेचा आवाज आला, "माह्या साडीचा काठ लागते त्याले!" आणि बाकावरच्या बाया पुन्हा हसल्या.

मला वाटलं, आता ही डॉक्टरीण मला नोकरी सोड म्हणणार. त्यावरचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं आणि ते चांगलं तिखट होतं. पण त्यांनी विचारलं, "सकाळी घरून कशी निघते तू?"

मी सांगितलं. तो झोपेत असला तर प्रश्नच नाही. जागा असला तर जाऊ त्याला मागच्या अंगणात कबुतरं दाखवायला नेते आणि मी पुढच्या दारानं सटकते. चपला हातात घेऊन, आवाज न करता. नाहीतर तो रडतो.

"म्हंजे चोरावानी," बाई म्हणाल्या.

मी पोराच्या सदऱ्याची गुंडी लावू लागले.

"सांगून जाय त्याले. तोंडासमोर उभी राहून सांगजो, मी जातो, संध्याकाळी येतो. अन् येजो. रोज तेच बोल, रोज तेच कर. रडला तं रडू दे. लेकरू रडलं तं चालते, फसवलेलं नाई चालत. तू डोळा चुकवून गेली की मंग ते दिवसभर दाराकडे पायते, आता अजून कोण गायब होते म्हून." मग त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्याच्या कानात घातला आणि दुसरं टोक माझ्या छातीवर ठेवलं. त्यांच्याकडे हे नेहमीचंच, आधी मुलानं ऐकायचं, मग डॉक्टरनं. "काय वाजून राहिलं रे?"

तो डोळे मोठे करून ऐकत राहिला. "गाडी," तो म्हणाला.

"अन् संध्याकाळी," बाई मला सांगत होत्या, "हातपाय धुतले की बाकी काई करायच्या आंधी जमिनीवर बस त्याच्याजवळ. खेळ तो सांगन तो. तू शिकवाचं नाई, टोकाचं नाई, मोबाईल पाहाचा नाई. तेवढा वेळ तो मालक, तू नोकर."

"अन् भाकरी?" मी विचारलं. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे होता.

"टाकन कोणी तरी. नाई टाकली तं एका सांजेनं कोणी मरत नाई."

खरं सांगते, हे सगळं मी पोराच्या भल्यासाठी म्हणून ऐकलंच नाही. मला त्यात हत्यार दिसलं. डॉक्टरनं सांगितलेलं म्हटल्यावर जाऊ काय, जावेचा बापही मला अडवू शकणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मुद्दाम उठवलं. पुढच्या दारात, ओट्यावर, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी जातो. संध्याकाळी येतो." आमच्याकडे बायाही जातो-येतोच म्हणतात, पुण्याच्या लोकांना ते पुरुषी वाटतं तर वाटो. पोरानं टाहो फोडला. जाऊ आतून धावत आली. "पायटेच रडवून ठेवलं लेकरू! कावून सांगतं त्याले?"

"डॉक्टरबाईनं सांगितलं," मी म्हटलं आणि स्कूटी चालू केली. त्याचं रडणं कानात टोचत होतं, नाही असं नाही. पण जावेचा तो उतरलेला चेहरा आठवला की बरं वाटायचं. बडनेऱ्यापर्यंत मी गाणं गुणगुणत गेले.

संध्याकाळी आले, हातपाय धुतले आणि जमिनीवर फतकल मारून बसले. त्यानं ठरवलेला खेळ म्हणजे कूलरमध्ये पाणी भरणं. एक रिकामा तेलाचा डबा हा कूलर, नाडीचा तुकडा ही नळी. मी नळी धरायची आणि त्यानं "बंद" म्हटलं की बंद करायची. तो नळी उलटी लावत होता. माझा हात शिवशिवला, "असं नाही रे, असं," म्हणावंसं वाटलं, पण मी जीभ चावली. स्वयंपाकघरात जाऊ भांडी आपटत होती. "भाकरी कोण टाकन आज? का डॉक्टरीणबाई येते टाकाले?" मी आवाज दिला, "नळी धरून राहिलो मी." शेवटी नवऱ्यानं उठून खिचडी टाकली. ती खाली लागली होती, पण इतकी गोड खिचडी मी आजवर खाल्लेली नाही.

असे किती तरी दिवस गेले. पोराचं सकाळचं रडणं आधी लांबलं, मग आखूड झालं, मग नुसतं ओठ काढण्यावर आलं. एका सकाळी मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "जाय. येजो." जाऊ दारात झाडू घेऊन उभी होती. ती पाठ फिरवून आत गेली. संध्याकाळी माझी स्कूटी गल्लीत वळली की तो फाटकाच्या गजांना लटकून ओरडायचा, "अपडाऊन आली! अपडाऊन आली!" आणि धावत येऊन माझ्या गुडघ्यांना मिठी मारायचा.

त्या मिठीत मी विरघळायची आणि त्या शब्दानं पुन्हा कडक व्हायची. "आई म्हण," मी म्हणायची. तो आनंदानं म्हणायचा, "अपडाऊन!" आतून जावेचा आवाज यायचाच, "आली काय रे तुही अपडाऊन? घे मंग." तिनं चिकटवलेलं नाव काही केल्या त्याच्या तोंडातून निघेना. बाकी सगळं मी परत मिळवत होते. तो माझ्याजवळ झोपू लागला होता, जेवताना माझा हात मागू लागला होता. पण त्यानं मला आई म्हणावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि ती जावेच्या मुठीत होती.

शेवट संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाला. गल्लीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. जावेनं पोराला मधोमध उभा केला आणि तोच खेळ काढला. "अन् तुही अपडाऊन कुठी हाये?" या वेळी त्यानं बोट दाखवलं नाही. बायांच्या मांड्यांवरून, वाणाच्या डब्यांवरून वाट काढत तो धावत आला आणि माझ्या गळ्यात पडला. बाया आणखीच हसल्या. मला फक्त त्यांचं हसणं ऐकू आलं. मी तिळगुळाचं ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"अकोल्यात खोल्या पायतो मी," मी म्हटलं. "पोराले घेऊन जातो."

"अन् माहं दुकान?" त्याचं पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे.

"दुकान तुमचं. पोरगं माहं. तुमी शनिवारी येजा."

तो नेहमीसारखा "जाऊ दे नं" म्हणायला गेला आणि माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. जठारपेठेत दोन खोल्या मिळाल्या, जवळच एक पाळणाघर होतं. सामान निघालं त्या दिवशी जाऊ फाटकापाशी उभी होती. मला वाटलं रडेल. मला तिला रडताना बघायचं होतं, त्यासाठी मी उगाच दोनदा आत-बाहेर केलं. पण ती एवढंच म्हणाली, "अकोल्याचा उन्हाया लय वाईट. घामोळ्या येतात त्याले."

"कूलर हाये," मी म्हटलं.

पाळणाघरात सगळी मुलं आपापल्या आयांना आई म्हणत. थोड्याच दिवसांत तोही म्हणू लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तो एका पायात चप्पल घालत होता आणि दुसरी सापडत नव्हती. "आई, माही चप्पल." एवढंच. मी दारातच उभी राहून रडले, आणि डोळे पुसल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर जावेला फोन लावला. "बाई, बोला याच्याशी." मग त्याला म्हटलं, "सांग, तुले आंघोळ कोण घालते?" "आई." "जेवू कोण घालते?" "आई." पलीकडे जाऊ ऐकत होती. मग ती म्हणाली, "बरं हाये." मी फोन ठेवला आणि स्वतःसाठी डबल साखरेचा चहा केला.

आणि मग ती रविवारी येऊ लागली. मी बोलावलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं यायची, पिशवीत शेवया, खारोड्या, त्याच्यासाठी शिवलेली बंडी. पोरगं दिवसभर तिच्या गळ्यात. मी तिला चहा द्यायची, जेवण वाढायची, आणि विचारपूस काडीची करायची नाही. पहिल्या रविवारी संध्याकाळी निघायची वेळ झाली तशी ती तिच्या जुन्या पद्धतीनं, पोरगं न्हाणीत गेल्याचं पाहून, पिशवी उचलून दाराकडे वळली.

मी तिला आडवी झाले. "बाई, असं चोरावानी जाऊ नोका. सांगून जा त्याले."

"रडन तो."

"रडू द्या. डॉक्टरबाईनं सांगितलं तसं. तोंडासमोर सांगा, मी जातो, इतवारी येतो."

ती दारात उभी राहिली. तो बाहेर आला, तिच्या हातातली पिशवी पाहिली आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. तिला सांगता येईना. शेवटी म्हणाली, "मी जातो बावा. इतवारी येतो." तो रडला, आणि जी बाई फाटकापाशी रडली नव्हती ती आता जिन्यात रडत रडत उतरली. डॉक्टरबाईंनी ते पोरासाठी सांगितलं होतं, मी ते जावेसाठी वापरलं, आणि दर रविवारी वापरलं. तिनंही एक रविवार चुकवला नाही. उन्हाळ्यात डोक्याला ओला रुमाल बांधून यायची, पण यायची.

पण माझं समाधान झालं नव्हतं. घरातल्या घरात उट्टं काढून काय उपयोग? माझी शोभा झाली होती ती दवाखान्यात, लोकांसमोर. म्हणून शाळेआधीच्या लसीची वेळ आली तेव्हा अकोल्यात चांगले डॉक्टर असूनही मी त्याला अमरावतीला घेऊन गेले, आणि जावेला आवर्जून म्हटलं, "चला नं बाई तुमीबी. पयलेपासून तुमीच नेत होत्या." तिचा चेहरा असा खुलला की एखाद्या भल्या बाईला तिथेच लाज वाटली असती.

जिराफ तिथेच होता. पोरगा त्याच्या गळ्यापर्यंत पोचला होता. कंपाउंडरबाई तीच, बाकावर नवी माणसं. डॉक्टरबाईंनी त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं, दोघींकडे चष्म्यावरून एकदा पाहिलं. उंची झाली, वजन झालं. आणि त्यांनी विचारलंच. हसत माझ्याकडे बोट करून, "काय रे, हे कोण?"

"आई."

मी जावेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती, पण अजून सावरलेली होती. तिचा नंबर यायचा होता आणि आपलं नाव तिला माहीत होतं.

"अन् हे?"

तो तिच्याकडे बघून मोठ्ठं हसला. "अपडाऊन!"

शप्पथ सांगते, मी त्याला शिकवलं नव्हतं. शिकवायचं मनात आलं होतं, पण आईच्या आईपणाला शोभणार नाही म्हणून मी तेवढं टाळलं होतं. आणि हे असं, न मागता, ताटात येऊन पडलं. कंपाउंडरबाई फिसकन हसली, अगदी तशीच. बाकावरची माणसं हसली. जाऊ हसली नाही. तिनं तोंडाला पदर लावला, पण या वेळी खांदे हलत नव्हते. "मी बाहेर बसतो," ती म्हणाली, आणि डॉक्टरबाई "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पडद्याबाहेर गेली, तशीच बाहेरच्या ओट्यापर्यंत. मला वाटलं, बस्स. फिटलं.

मागच्या वेळेसारख्याच याही वेळी डॉक्टरबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि पोराच्या तोंडासमोर बसल्या. "अपडाऊन म्हंजे काय रे, बाप्पा?"

असा कसा प्रश्न, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. "जाते," तो म्हणाला. "अन् मंग येते. येतेच." जरा विचार करून पुढे म्हणाला, "आई पयले अपडाऊन होती. आता माय अपडाऊन हाये."

खोलीत कोणी हसलं नाही.

फाटकाच्या गजांना लटकून तो ओरडायचा ते मला ऐकू आलं. अपडाऊन आली. हळदीकुंकवात बायांच्या मांड्यांवरून माझ्याकडे धावत आला ते दिसलं. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून मीच त्याला सांगत होते, जातो, येतो, आणि जावेनं दिलेल्या नावात त्यानं ते भरून टाकलं होतं. जगातल्या कुठल्या लेकरानं आपल्या आईला इतक्या विश्वासाचं नाव दिलं नसेल, आणि मी ते त्याच्या तोंडातून उपटून काढायला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आता तो मला ते नाव कधीच देणार नव्हता. ते त्यानं तिला देऊन टाकलं होतं.

"ऐकलं नं?" डॉक्टरबाई लस भरता भरता म्हणाल्या. "जाय, बाहेर जाऊन सांग तिले. उगाच मनाले लावून बसली असन."

लस झाली, तो थोडा रडला, माझ्या मानेत तोंड खुपसून गप्प झाला. त्याला कडेवर घेऊन मी बाहेर आले. जाऊ ओट्याच्या टोकाला बसली होती. डोळे कोरडे होते, पण नाक लाल झालेलं. तिनं पोराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तूच शिकवलं नं त्याले?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. पण घरच्या ओट्यावर पाहुण्यांना मला पंख्यासोबत, तुळशीसोबत दाखवलं जात होतं ते सगळे दिवसही त्याच जिभेवर होते.

"हाव," मी म्हटलं. आणि ते खोटंही नव्हतं.

मला वाटलं होतं, आता ती यायची थांबेल. पुढच्याच रविवारी जिन्यात तिची पावलं वाजली. पोरगा दाराकडे धावत ओरडला, "अपडाऊन आली! अपडाऊन आली!" ती दारात थांबली आणि तोंडावर हसू चिकटवून आत आली. ते हसू कसं चिकटवतात ते मला चांगलं माहीत आहे. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेले.

अजून मी तिला सांगितलेलं नाही.